गोडीचा तोल : गनाश, श्रीखंड आणि काकवी

कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर अंबा घाटाच्या अलीकडे वसलेले मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातील बाजाराचे गाव होय. देशावरचा गूळ आणि कोकणातले आमसूल यांची गाठ अशाच घाटमाथ्याजवळच्या बाजारात पडते. आणि दुधाची वाण तर कोल्हापूर जिल्ह्यास कधीच नव्हती. या भागातील घरांत गोड पदार्थाचा तोल कसा राखावा हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पुरण शिजताना त्यात मिठाची चिमूट पडते, श्रीखंडाचा चक्का किंचित आंबटच असावा असा आग्रह धरला जातो, आणि खिरीत गूळ घालावयाचा तो खीर चुलीवरून उतरून निवल्यावरच, हा दंडक सहसा मोडला जात नाही. या प्रत्येक रीतीमागे रसायनशास्त्राचे एकेक कारण आहे. परंतु कारण ठाऊक नसतानाही रीत बिनचूक चालत आली आहे.

अलीकडच्या काळात तालुक्याच्या गावांतील बेकऱ्यांतून आणि घरगुती केक करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून एक नवा पदार्थ रुळला आहे. चॉकलेट आणि साय यांच्या मिश्रणापासून होणारे गनाश हा तो पदार्थ. वाढदिवसाच्या केकवर जो तुळतुळीत, काळसर थर दिसतो, तो बहुधा गनाशाचा असतो. या पदार्थाविषयी सर्वत्र एकच तक्रार ऐकू येते : तो गोडमिट्ट होतो, दुसऱ्या घासास नकोसा वाटतो. यावर सुचणारा पहिला उपाय साखर कमी करण्याचा. तो येथे लागू पडत नाही, कारण गनाशात साखर वेगळी घातलेलीच नसते. ती चॉकलेटबरोबर आलेली असते. आणि ती केवळ गोडीसाठी आलेली नसते. गोडी कमी करताना साखरेची इतर कामे कोणी करावयाची, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

गनाश हे पायस आहे. पायस म्हणजे इमल्शन. (मराठीत पायस या शब्दाने खिरीचाही बोध होतो, आणि दूध हे मुळात पायसच असल्याने हा गोंधळ अगदीच निराधार नाही.) सायीतील पाण्यात सायीचा आणि कोकोचा स्निग्धांश सूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेला असतो, कोकोचे शुष्क कण त्या पाण्यात फुगतात आणि चॉकलेटमधील साखर त्याच पाण्यात विरघळते. जिभेस गोडी कळते ती या विरघळलेल्या साखरेची. यास्तव गनाश किती गोड लागेल याचा अंदाज बांधताना एकंदर पदार्थात साखर किती टक्के आहे हे पाहण्यापेक्षा त्यातील पाण्याच्या भागात तिची तीव्रता किती आहे हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

हा हिशेब अवघड नाही. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या डबाबंद सायीत बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे १०० ग्रॅम सायीत सुमारे ६९ ग्रॅम पाणी. चॉकलेटवर ५५ टक्के कोको असे लिहिले असेल तर उरलेला भाग जवळजवळ सर्व साखरेचाच. असे १०० ग्रॅम चॉकलेट १०० ग्रॅम सायीत मिसळले की ४५ ग्रॅम साखर ६९ ग्रॅम पाण्यात विरघळते. द्रावणाची तीव्रता ३९ ते ४० टक्के होते. ७० टक्के कोकोचे चॉकलेट घेतल्यास ती ३० टक्क्यांवर येते. परंतु लहान गावांतील बेकरीत वापरले जाते ते बहुधा यांपैकी कोणतेच नव्हे. तेथे ‘कंपाउंड’ या नावाने ओळखली जाणारी वडी चालते. तिच्यात कोको बटराऐवजी दुसरा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असतो आणि वजनाने सुमारे निम्मी साखर असते. शिवाय तिचे प्रमाण एकास एक नसून दोन भाग वडी आणि एक भाग साय असे असते. म्हणजे १०० ग्रॅम साखर आणि ६९ ग्रॅम पाणी. तीव्रता ५९ टक्के. पांढऱ्या चॉकलेटचे गनाशही दोनास एक या प्रमाणाने केल्यास जवळजवळ याच आकड्यावर येते.

या ५९ टक्क्यांशेजारी श्रीखंडाचा आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. श्रीखंडासाठी आपल्याकडे जी मानके आहेत त्यांनुसार त्यात किमान ५८ टक्के घनपदार्थ असावे लागतात आणि शुष्क घटकांत साखर ७२.५ टक्क्यांहून अधिक असून चालत नाही. या दोन्ही मर्यादांवर नेमके बसणारे श्रीखंड घेतले तर १०० ग्रॅममध्ये ४२ ग्रॅम साखर आणि ४२ ग्रॅम पाणी असते. म्हणजे तीव्रता ५० टक्के. ५५ टक्के कोकोच्या साध्या गनाशापेक्षा श्रीखंड द्रावणाच्या दृष्टीने बरेच अधिक गोड आहे. तरीही ते वाटी वाटी खाल्ले जाते आणि पुन्हा मागितले जाते. वारणेच्या श्रीखंडाने कोल्हापूर भागाबाहेरही जी ख्याती मिळवली, ती काही कमी साखरेच्या जोरावर नव्हे.

याचे कारण चक्क्यातील लॅक्टिक अम्ल. निरनिराळ्या चवी एकत्र आल्या असता त्या एकमेकींस दाबतात; आंबट गोडास दाबतो, गोड आंबटास, आणि कडू व गोड यांचेही तसेच. श्रीखंडात साखर भरपूर असते, पण तिच्यासमोर तोलामोलाचे अम्ल उभे असते. डार्क चॉकलेटच्या गनाशात हे काम कोकोचा कडवटपणा आणि त्याचा स्वतःचा सौम्य आंबटपणा करतात. कंपाउंडच्या वडीत कोकोची भुकटी थोडी, साखर पुष्कळ. गोडीस अडविणारे कोणी नाही. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तर कोकोची भुकटी मुळीच नसते.

येथे प्रश्न उपस्थित होतो की बेकरीवाला दोन भाग वडी घेतोच का? उत्तर सायीत आहे. गनाशाच्या बहुतेक कृती युरोपातून आलेल्या असून त्यांत ३५ टक्के स्निग्धांशाची साय गृहीत धरलेली असते. आपली २५ टक्क्यांची साय घेऊन एकास एक प्रमाणाने गनाश केले की ते पातळ राहते, केकवरून ओघळते. मग ते घट्ट करण्यासाठी आणखी वडी घातली जाते, आणि प्रत्येक वडीबरोबर तिच्या निम्म्या वजनाची साखर येते. म्हणजे गोडमिट्टपणाचे मूळ पुष्कळदा करणाऱ्याच्या आवडीत नसून सायीच्या पातळपणात असते. हे एकदा ध्यानात आले की उपाय सोपा होतो. १०० ग्रॅम सायीत १५ ग्रॅम लोणी मिसळले तर स्निग्धांश ३२ टक्क्यांच्या जवळ जातो. त्यात ७० टक्के कोकोचे चॉकलेट एकास एक घातल्यास, कोकोचे शुष्क कण पाणी शोषून घेत असल्याने, मिश्रण घट्टही होते. द्रावणाची तीव्रता मात्र ३० टक्क्यांच्या आसपासच राहते. ५९ टक्क्यांच्या जवळजवळ निम्मी.

हा उपाय इथेच संपता तर लेखाचे प्रयोजन उरले नसते. साखर निम्मी झाली की तिची दुसरी कामेही निम्म्याने होऊ लागतात, आणि त्यांतले मुख्य काम पाणी बांधून ठेवण्याचे आहे. सूक्ष्मजीवांस पदार्थातील सर्व पाणी उपलब्ध नसते. किती उपलब्ध आहे हे जलक्रियता या राशीने सांगतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ मानली जाते. ती ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, आणि ०.८० च्या खाली नेहमीच्या बुरशीचीही. आदर्श द्रावणाचा राउल्टचा नियम लावून वरील मिश्रणांचा अंदाज काढता येतो. ५५ टक्क्यांच्या चॉकलेटचे एकास एक गनाश ०.९६७ वर येते. ७० टक्क्यांचे ०.९७८ वर, आणि दोनास एक कंपाउंडचे ०.९३ च्या आसपास. प्रत्यक्षातील आकडे यांहून काहीसे खाली असतात, कारण तीव्र द्रावणे आदर्श नियमाने वागत नाहीत, आणि दुधातील शर्करा व क्षार तसेच कोकोचे कण या हिशेबात धरलेले नाहीत. परंतु क्रम बदलत नाही. सर्वांत गोड गनाश सर्वांत जास्त टिकते, आणि चवीस उत्तम असलेले सर्वांत आधी बिघडते.

पावसाळ्यात घाटमाथ्याच्या हवेत ही गोष्ट केवळ तात्त्विक राहत नाही. कंपाउंडचे गनाश उघड्यावर राहूनही एखादवेळी निभावले असेल. त्याच सवयीने कमी साखरेचे गनाश बाहेर ठेवले तर त्यावर बुरशी दिसण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि दिसण्यापूर्वी जे घडून गेलेले असते ते अधिक वाईट. वरच्या आकड्यांपैकी एकही ०.९१ च्या खाली नाही, हे लक्षात घेता घरगुती गनाश शीतपेटीतच ठेवले पाहिजे यात दुमत होण्यास जागा नाही. प्रश्न एवढाच उरतो की गोडी न वाढवता काही पाणी पुन्हा बांधता येते काय.

येते, आणि त्याचे सूत्र रेणूंच्या संख्येत आहे. जलक्रियता विरघळलेल्या पदार्थाच्या वजनावर अवलंबून नसते, कणांच्या संख्येवर असते. सुक्रोजचा रेणुभार ३४२, ग्लुकोजचा १८०. म्हणजे त्याच वजनात ग्लुकोजचे कण जवळजवळ दुप्पट. गोडीच्या बाबतीत मात्र ग्लुकोज सुक्रोजच्या मागे आहे. सुक्रोजची गोडी १०० धरली तर ग्लुकोजची सुमारे ७०. आता ७० टक्क्यांच्या चॉकलेटच्या गनाशात १५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज मिसळल्याची कल्पना करावी. शर्करांचे एकूण वजन ४५ ग्रॅम होते, म्हणजे ५५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये होते तेवढेच. गोडी सुक्रोजच्या मापाने सुमारे ४०. म्हणजे दशांशाने कमी. कणांची संख्या मात्र ३० टक्क्यांनी अधिक, आणि जलक्रियता ०.९५७. गोडी उतरली आणि पाणीही अधिक बांधले गेले. शिवाय कोकोचा अंश वाढल्याने कडवटपणाचा जो लाभ होतो तो निराळाच. मिठाईचे व्यवसायी ग्लुकोजचे सिरप वापरतात त्यामागेही काही अंशी हेच तत्त्व आहे. मात्र त्या सिरपात मोठ्या साखळ्यांचे रेणू पुष्कळ असल्याने त्याची पाणी बांधण्याची शक्ती निर्भेळ ग्लुकोजपेक्षा कमी असते. ते गोडही कमी असते आणि साखरेचे स्फटिक बनू देत नाही, हा त्याचा विशेष गुण.

कोल्हापूरच्या परिसरात ग्लुकोजचे नाव निघाले की गुळाचे नाव निघणारच. कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात या विषयाचा अभ्यास होत आला आहे. गनाशात साखरेऐवजी गूळ वापरला म्हणजे गोडी आपोआप सौम्य होते, अशी समजूत आढळते. ती हिशेबास उतरत नाही. गुळात सर्वसाधारणपणे ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असते आणि त्याखेरीज अपवृत्त शर्करा, म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे समभाग मिश्रण. ग्लुकोज कमी गोड असले तरी फ्रुक्टोज सुक्रोजहून अधिक गोड आहे. दोहोंची सरासरी सुक्रोजच्या जवळच येते. गुळाने गोडी कमी वाटते ती शर्करेमुळे नव्हे. त्यातील क्षार, किंचित आंबटपणा आणि रस आटताना निर्माण झालेले सुगंधी व कडवट पदार्थ यांच्यामुळे गोडी एकटी उरत नाही. म्हणजे पुन्हा चवींच्या परस्परविरोधाचाच हा परिणाम.

गुऱ्हाळात या शर्करांचा झगडा रोजचा असतो. उसाचा रस काहिलीत तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती काढून टाकतात. चुन्याने रसाची आम्लता बेताने कमी करतात. आम्लता राहिली तर तापलेल्या रसातील सुक्रोजचे अपवर्तन होते, आणि अपवृत्त शर्करा वाढलेला गूळ घट्ट बसत नाही. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची गोळी वळून पाहतो. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उतरला की ढेप टणक होते. बाजार अशाच टणक, पिवळसर गुळास भाव देतो. ज्यात अपवृत्त शर्करा अधिक, तो गूळ पावसाळ्यात हवेतील ओल ओढून पाघळतो आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने मातीमोल होतो. गनाशात मात्र नेमका हाच स्वभाव हवा असतो. ओल धरून ठेवणारी, स्फटिक न होणारी शर्करा गनाशास मऊ राखते. पेठेतील दोष तो येथे गुण ठरतो.

तेव्हा गनाशासाठी ढेपेपेक्षा काकवी अधिक योग्य. रस गुळापर्यंत न आटवता १०५ अंशांच्या आसपास उतरला की काकवी मिळते. तिच्यात सुमारे एक तृतीयांश पाणी असते, आणि अपवृत्त शर्करेचे प्रमाण गुळाच्या मानाने बरेच मोठे असते. ७० टक्क्यांच्या चॉकलेटच्या आणि लोणी घातलेल्या गनाशात १५ ग्रॅम काकवी घातल्यास शर्करेत सुमारे १० ग्रॅमची भर पडते आणि तीव्रता ३० वरून ३४ ते ३५ टक्के होते. पाणी बांधण्याच्या कामी ती निर्भेळ ग्लुकोजच्या तोडीची नाही, हे मान्य केले पाहिजे. तिच्यातील निम्म्याहून अधिक शर्करा सुक्रोजच असून ती आपल्याबरोबर पाणीही आणते. परंतु ग्लुकोजला चव नाही आणि काकवीला आहे. कोकोचा कडवटपणा आणि काकवीचा खरपूस वास हे एकमेकांस इतके धार्जिणे आहेत की अधिक ग्लुकोज घालून मिळणारा थोडासा लाभ सोडून देणेच श्रेयस्कर वाटावे. दोन्हींचा निम्मा निम्मा वाटा हा व्यवहारी मार्ग.

काकवी केव्हा घालावी, याचे उत्तर खिरीच्या दंडकात आहे. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटते. दुधातील केसीन हे प्रथिन आम्लता आणि क्षार यांच्या समतोलावर तरंगत राहिलेले असते. गुळाचा आंबटपणा आणि क्षार तो समतोल मोडतात, आणि उष्णता या मोडतोडीस वेग देते. सायीत केसीन दुधापेक्षा कमी असले तरी असतेच. म्हणून गरम साय आधी चॉकलेटवर ओतावी, मिश्रण एकजीव होऊ द्यावे, आणि ते ४० ते ४५ अंशांपर्यंत उतरल्यावर गाळलेली काकवी मिसळावी. कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळत असल्याने या तापमानास गनाश थिजण्याची भीती नसते. ढेपेचा गूळच वापरावयाचा असल्यास तो थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्यावा. न विरघळलेले कण राहिले तर गनाश जिभेवर रवाळ लागते.

मिठाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण या बाबतीत गैरसमज रूढ आहे. गोड जास्त झाले की चिमूटभर मीठ घालावे असे सांगितले जाते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की सोडियमचे लवण कडूपणास दाबते, आणि कडू व गोड यांच्या मिश्रणात कडू दबल्यामुळे दडलेली गोडी उलट वर येते. म्हणजे डार्क चॉकलेटच्या गनाशात मीठ घातल्याने गोडी घटण्याऐवजी वाढून जाणवण्याचाच संभव अधिक. पुरणातील मीठही गोडी मारण्यासाठी नसून चव उठावदार करण्यासाठी असते, हे अनुभवी सुगरणीस ठाऊक असतेच. फारच कडवट झालेल्या गनाशात मीठ घालावे. गोडमिट्ट झालेल्यात त्याचा भरवसा धरू नये.

गोडमिट्ट गनाशावर, विशेषतः पांढऱ्या चॉकलेटच्या, खरा उतारा अम्लाचा. घाटाखालून येणारे आमसूल हाताशी असले तरी त्याचे तीव्र अम्ल सायीस थेट भिडले की केसीन गोळा होते. श्रीखंडाने ही अडचण आधीच सोडवून ठेवलेली आहे : चक्क्यात केसीन अगोदरच जमलेले असते, आणि पुरणयंत्रातून किंवा फडक्यातून घोटून काढल्याने ते मऊसूत झालेले असते. १०० ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटला ५० ग्रॅम सायीऐवजी ३० ग्रॅम साय आणि ३० ग्रॅम घोटलेला चक्का घेतला, तर तीव्रता ५९ वरून ५४ टक्क्यांपर्यंतच उतरते. पण आता ती श्रीखंडाच्या जातीची ५४ टक्के असते. चक्का कोमट करून शेवटी मिसळावा. शीतपेटीतून काढलेला तसाच घातल्यास कोको बटर गारठून गाठी होतात. चक्क्याबरोबर जिवंत जिवाणू आणि यीस्टही येतात, म्हणून असे गनाश दोन-तीन दिवसांत संपवावे.

चव पाहण्याची वेळ हा शेवटचा मुद्दा, आणि बेकरीत त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. गोडीची जाणीव तापमानाबरोबर वाढते; जिभेवरील चवपेशींतील टीआरपीएम-५ ही वाहिनी उष्णतेने अधिक कार्यक्षम होते, असे २००५ मध्ये दिसून आले आहे. भांड्यातले कोमट गनाश चाखून त्याची गोडी ठरविली तर शीतपेटीतून निघालेला केक अपेक्षेहून फिका आणि कडवट लागतो. आणि थंड गनाश चाखून ठरविली तर उन्हाळ्यात टेबलावर तासभर राहिलेला केक गोडमिट्ट होतो. चमचाभर गनाश बशीत काढून, ज्या तापमानास ते खाल्ले जावयाचे त्या तापमानास येईपर्यंत थांबावे आणि मगच काकवी किंवा चक्का वाढविण्याचा निर्णय घ्यावा.